थोरली-धाकटीची पावलं

१

मंडईमागच्या गल्लीतल्या दुकानात कौशल्या इंगोलेच्या बरण्या रोज दर्शनी फळीवर ओळीनं उभ्या असत. त्या सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, वर्गात शिक्षा झालेल्या पोरींसारख्या.

"बाई, माल घेऊन जा," दुकानदार वजनकाट्याकडे बघत म्हणाला. "नोटीस आलीय. तुम्ही नाव चोरलंय म्हणे."

"काहून? कोणाचं नाव?"

त्यानं नुसती हनुवटी उचलली. रस्त्यापलीकडे कालपर्यंत इंद्रजीतशेठच्या फरसाणाचं दुकान होतं, तिथे नवीकोरी पाटी झळकत होती. 'थोरली-धाकटी. अस्सल वऱ्हाडी चव.' नावाच्या वर पिठाच्या रंगातली दोन पावलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'परंपरा २०१४ पासून.'

कौशल्या आणि तिची धाकटी जाऊ शर्मिला या दोघींनी वारज्याच्या दोन खोल्यांत जवसाची चटणी आणि मुगवड्या करायला सुरुवात केली, तेव्हा थोरली आणि धाकटी म्हणून नाव पडलं 'थोरली-धाकटी'. तेच आता एका परक्या माणसाच्या दुकानावर टांगलं होतं. त्या माणसानं ते दहा वर्षं वापरलं असेल, तर दोघी जावा चोर ठरत होत्या.

दुपारी ती शनिवार पेठेतला अरुंद जिना चढून ॲडव्होकेट प्रियदर्शनी गजभिये यांच्यासमोर बसली होती.

प्रियदर्शनीच्या लेखी माणसांचे दोन प्रकार होते. कागद न वाचता खरी सही करणारे आणि कागद वाचून खोटी सही करणारे. पहिल्यांवर ती चिडायची, दुसऱ्यांची कीव करायची. तिसऱ्या प्रकारचं कुणी अजून तरी तिचा जिना चढून आलं नव्हतं. तिच्या जिभेविषयी कोर्टात बरंच बोललं जाई, पण हळू आवाजात.

"नावाची नोंदणी केली होती?" तिनं विचारलं.

"दत्तप्रसादभाऊंना दिलं होतं जी काम. सल्लागार आहेत. गेल्या भादव्यापासून म्हणतात, होतंय, होतंय."

"होतंय! या शब्दावर या शहरात लोकांचे बंगले उभे राहिलेत." प्रियदर्शनीनं संगणकावर ट्रेडमार्कचं जर्नल उघडलं. अर्जदार इंद्रजीत, त्याची फूड्स कंपनी, नाव तेच, चित्र तेच. सोबत शपथपत्र. ते तिनं मोठ्यानं वाचलं. "'सदर पावले माझ्या मातोश्री कांताबाई यांनी दोन हजार चौदा साली स्वहस्ते उठविली असून...' स्वहस्ते! किती सोज्वळ. यांचा अर्ज जाहीर झालाय. हरकत घ्यायची मुदत संपत आलीय. ती टळली की नाव त्यांचं आणि तुम्ही नकलाकार. मग बरणीवर काय लिहाल? 'तिसरी'?"

कौशल्येला हसू आलं नाही. प्रियदर्शनीनं चित्र छापून तिच्यापुढे ठेवलं. कौशल्येनं पावलांना हात जोडले आणि अवघडल्यासारखा तो कागद टेबलावर उलटा फिरवला. चष्मा घरी राहिला असावा, असं प्रियदर्शनीला वाटलं. तिनं कागद पुन्हा सरळ करून स्वतःकडे ओढला. ती तो निरखू लागली. जीभ गप्प बसली की डोळे काम करतात, हा तिचा नेहमीचा अनुभव.

"कौशल्याताई, तुमच्या देवीला दोन्ही पाय उजवेच असतात का?"

२

"शिव शिव! काय बोलता मॅडम!"

"मग बघा. पावलांची जोडी असली की अंगठे एकमेकांकडे असतात. इथे दोन्ही अंगठे डावीकडेच आहेत. एका बाईला दोन उजवे पाय. चालेल कशी? बुटांच्या दुकानातून पळवलेली जोडी वाटते."

कौशल्येनं पिशवीतून आपली बरणी काढली. तिच्या लेबलवर मात्र एक पाऊल उजवं होतं, एक डावं. ती गोंधळून एकदा बरणीकडे, एकदा कागदाकडे बघत राहिली.

"तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही हात जोडले," प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या घरात बुद्धमूर्ती होती; महालक्ष्म्यांचा थाट तिनं लहानपणी भंडाऱ्याला शेजारच्या घरी उंबऱ्यातून पाहिलेला. "नमस्कार करणारा मान खाली घालतो, पाय बघत नाही. आता मला सांगा, ही पावलं काढतात कशी?"

कौशल्येच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, इकडे पुण्यात त्यांना गौरी म्हणतात. दारापासून देवापर्यंत त्यांची पावलं उमटवायची. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मुठीची कड बुडवायची, करंगळीकडची, आणि जमिनीवर टेकवायची. की झाला तळवा. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. उजव्या मुठीनं उजवं पाऊल उमटतं, डाव्या मुठीनं डावं.

"आणि हे तुमच्या बरणीवरचं?"

"उजवं माझं, डावं शर्मिलाचं. दोघींचा धंदा, दोघींचे हात. हे बघा की." तिनं उजवा तळहात आडवा धरला. करंगळीखाली, मनगटाच्या जरा वर, मांसात खोल खाच होती. "दोन वर्षांखाली वड्यांसाठी कोहळं चिरताना विळीवर हात गेला. टाके पडले. तेव्हापासून माझ्या पावलाच्या टाचेत ही रेघ येते. महालक्ष्मी समजून घेते."

प्रियदर्शनीनं भिंग काढलं. बरणीवर उजव्या पावलाच्या टाचेत बारीक कोरी रेघ होती. डाव्यात नव्हती. मग तिनं इंद्रजीतच्या कागदावर भिंग नेलं.

दोन्ही टाचांत रेघ होती.

"म्हणजे माझाच हात?" कौशल्या पुटपुटली. "पण मी तर..." ती थांबली. चेहरा पडला. "ते नाही जी. तो विषयच नको."

"कुठला विषय?"

"काही नाही." आणि मग, ओठ घट्ट करून, "मला माहीत आहे कोणी केलं ते. शर्मिलानं. पंधरवड्याखाली दत्तप्रसादभाऊंनी स्वतः पाहिली तिला, त्या इंद्रजीतच्या दुकानात बसलेली. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलंय."

सख्ख्या बहिणीसारख्या दोन बायकांचं भांडण लावून दिलेला माणूस प्रियदर्शनीला तेव्हा प्रथमच बघावासा वाटला. पण आधी ज्याच्या संगणकात चित्र होतं, त्याला बघणं भाग होतं.

३

कौशल्येच्या बरणीचं लेबल करणाऱ्या अनिरुद्धच्या स्टुडिओत खुर्च्या सोडून बसायच्या बाकी सगळ्या वस्तू होत्या. प्रियदर्शनी एका पिंपावर बसली.

"कोण, त्या चटणीवाल्या काकू?" अनिरुद्ध म्हणाला. केस त्यानं बांधले होते, शब्द मोकळे सोडले होते. "मॅम, ॲक्च्युअली मी त्यांना खूप मिनिमल काहीतरी सुचवलं होतं. एक डॉट. फक्त एक डॉट. त्यांना पावलंच हवी होती. आता क्लायंटची व्हिज्युअल समज..."

"तुमची एका ठिपक्यावर थांबली, त्यांची निदान दहापर्यंत गेली," प्रियदर्शनी म्हणाली. "त्यांनी तुम्हाला कागद दिला तो कसा होता?"

त्यानं नाराजीनंच मूळ स्कॅन उघडला. कागदावर पिठाचे दोन ठसे होते, एक उजवा, एक डावा. उजव्यात खाच.

"ही रेघ मी मुद्दाम ठेवली. टेक्स्चर. ऑथेंटिक वाटतं."

"टाके पडले होते त्या बाईला. तुम्हाला ऑथेंटिक वाटलं हे त्यांचं नशीब." तिनं इंद्रजीतचं चित्र पुढे केलं. "हे तुमचं काम आहे?"

अनिरुद्धनं एकदाच बघितलं आणि त्याला खरोखरच अपमान वाटला. "छे! हे दोन्ही उजवे आहेत. आणि एकच पाऊल कॉपी करून पेस्टही केलेलं नाही. बोटांमधलं अंतर बघा, दोन्हीत वेगळं आहे. हे कुणीतरी दोनदा वेगवेगळं उमटवलंय. त्याच हातानं. असला कागद माझ्याकडे आलाच नाही. आला असता तर मी परत पाठवला असता."

पहिल्यांदाच तो सरळ बोलला होता. उद्धट माणसं खोटं बोलायचे कष्ट सहसा घेत नाहीत, हे प्रियदर्शनीला ठाऊक होतं. ती पिंपावरून उठली.

म्हणजे इंद्रजीतची पावलं बरणीवरून उचललेली नव्हती, या संगणकातूनही नाही. कुठेतरी आणखी एक कागद होता, आणि ज्या बाईच्या हाताचा तो होता, तीच म्हणत होती की तो विषय नको.

४

दत्तप्रसाद यांच्या कार्यालयात शिरताना आधी लागत ती त्यांची प्रशस्तिपत्रकं, मग त्यांचं पोट आणि सर्वांत शेवटी ते. कपाळाला गंध, मनगटात तीन दोरे, ओठांवर सदैव कुणाचं तरी कल्याण.

"या या, वकीलसाहेब! आमच्या गरिबाघरी!"

"गरिबी छान सजवलीय," प्रियदर्शनी वातानुकूलन यंत्राखाली बसत म्हणाली. "कौशल्या इंगोलेंचा अर्ज तुम्ही का केला नाहीत?"

"अहो, काय करणार! साधी बाई. नाव दिलं, चित्र कधी दिलंच नाही. मी आपला वाट बघतोय. चित्राशिवाय काय पाठवू, माझा फोटो?"

"चित्र आलंच नाही तुमच्याकडे?"

"देवाशपथ नाही. कुठलाच कागद नाही. आता बाजारात बरण्या दिसतात, त्यांवर पाहिलं तेवढंच. आणि खरं सांगू का, कलेत काही अर्थ? एकाच मुठीनं दोन ठसे मारायचे आणि त्याला लोगो म्हणायचं. आमच्या पोराला सांगितलं तर शाळेच्या पाटीवर काढून देईल." ते मनापासून हसले. "पण इंद्रजीतशेठची परंपरा जुनी आहे हो. मातोश्रींचा हात. मी त्यांच्याही कंपनीचं काम बघतो म्हणून माहीत. योगायोग!"

"देवानं तुमच्या वाट्याला किती योगायोग दिलेत," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि शर्मिलाबाईंना तुम्ही तिथे पाहिलंत?"

"डोळ्यांनी! मला फार वाईट वाटलं. घरातलं माणूस फितूर झालं की कायदा तरी काय करणार?"

जिना उतरताना प्रियदर्शनीच्या पायाची गती एकदम कमी झाली. मधल्या पायरीवर ती थांबली, मागे वळून त्या गंध लावलेल्या दाराकडे तिनं बघितलं आणि हसली. त्या हसण्यात प्रेमाचा लवलेश नव्हता.

पण एक धागा अजून सुटा होता. शर्मिला त्या दुकानात खरंच गेली होती का?

५

हिंजवडीला कंपनीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी शर्मिला भेटली. गळ्यात ओळखपत्र, डोळे सुजलेले, आवाज चढलेला.

"ताईंनी पाठवलंय ना? सांगा त्यांना, मी चोर आहे. झालं समाधान? सोळा सोमवार करतात, रोज दिवा लागेपर्यंत तोंडात पाणी घेत नाहीत आणि जावेवर विश्वास ठेवायची वेळ आली की दत्तप्रसाद!"

"तुम्ही गेला होतात का इंद्रजीतकडे?"

शर्मिलानं कप ठेवला. "गेले होते. त्यानं बोलावलं होतं. म्हणाला, थोरलीला सोडा, आमच्याकडे या, धाकटी म्हणून तुमचाच फोटो लावतो डब्यावर. मी म्हटलं, तुमच्या डब्यात काय आहे ते आधी चाखून बघा, मग फोटो लावायची हिंमत करा. आणि निघाले."

"हे ताईंना का नाही सांगितलं?"

"बोलावलं तेव्हा गेलेच कशाला, असं म्हणाल्या असत्या. बरोबरच होतं त्यांचं. मला बघायचं होतं, आपली किंमत कुणाला तरी कळलीय का. मूर्खपणा केला."

प्रियदर्शनीनं दोन उजव्या पावलांचा कागद तिच्यापुढे धरला. शर्मिलानं बघितलं मात्र, आणि रडवेल्या चेहऱ्यातून तिला हसू फुटलं.

"अगं बाई! ही लंगडी देवी अजून आहे?"

"लंगडी देवी?"

"गेल्या भादव्यात ताई गच्चीवर वड्या वाळत घालताना पडल्या. डावा हात प्लास्टरमध्ये. घरातली पावलं आम्ही दोघींनी मिळून उमटवली; उजवं त्यांचं, डावं माझं. त्यावरूनच तर लोगो सुचला. पण मी ऑफिसला असताना हे महाशय घरी आले, चित्र आत्ताच द्या म्हणून घाई. ताईंनी एकट्यानंच उमटवून दिली. एकच हात चालू, मग काय? दोन्ही उजवी! संध्याकाळी ऐकलं तर मी इतकी हसले. म्हटलं, ताई, देवी आपल्याकडे लंगडी घालत येणार का? मग आम्ही पुन्हा दोघींनी केली, तीच अनिरुद्धला दिली."

"घाई करणारे महाशय कोण?"

शर्मिलानं नाव सांगितलं. प्रियदर्शनीला ते आधीच माहीत होतं. तिला फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

६

"तो कागद आता नाही जी," कौशल्या हळूच म्हणाली. वारज्याच्या खोलीत जवस भाजल्याचा वास होता. "म्हणून तर बोलले नाही. चुकीची पावलं उमटली, आगळीकच झाली माझ्याकडून. देवीची पावलं कचऱ्यात टाकता येत नाहीत, पायदळी येऊ देता येत नाहीत. मी भाऊंना फोन केला, म्हटलं तो कागद वाहत्या पाण्यात सोडा. ते म्हणाले, सोडला ताई, नदीत, हात जोडून सोडला. मग संपलं ना? जे विसर्जन झालं त्याचं नाव पुन्हा घेत नाहीत."

प्रियदर्शनीनं डोळे मिटले. या एका बाईच्या भक्तीवर त्या माणसानं केवढा डाव रचला होता! दुसरी कुणी असती तर तिनं कागद टरकावून केराच्या टोपलीत टाकला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

"ताई, ऐका. मला दत्तप्रसाद म्हणाले, कुठलाच कागद त्यांना मिळाला नाही. तुम्हाला म्हणाले, नदीत सोडला. जो मिळालाच नाही तो सोडला कसा? आणि पुढे त्यांनीच हिणवलं, एकाच मुठीचे दोन ठसे. बरणीवर दोन मुठी आहेत. एकाच मुठीचे दोन ठसे फक्त त्या कागदावर होते."

कौशल्येनं चुलीवरची कढई खाली उतरवली. मग म्हणाली, "म्हणजे शर्मिला नाही."

"नाही."

"आणि मी पंधरवडाभर तिच्या हातचा चहा घेतला नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. तेवढी वकिली मला येत नाही. उद्या सकाळी इंद्रजीतच्या दुकानात यायचं. येताना वाटीभर तांदळाचं पीठ आणा."

"दुकानात? काहून?"

"देवीला एकदा तिच्या दारात नीट उभी करू."

७

इंद्रजीतनं तडजोडीची तयारी केली होती. म्हणजे कॉफी मागवली होती आणि तोंडावर दया आणली होती. बाजूला दत्तप्रसाद गंध लावून बसले होते. गल्ल्यामागे उंच गादीवर इंद्रजीतची आई, कांताबाई, माळ ओढत होत्या; मुळशीकडच्या, नऊवारीतल्या, दुकानाच्या खऱ्या मालकीण.

"हे बघा मॅडम," इंद्रजीत म्हणाला, "मी दिलदार माणूस आहे. यांनी नाव सोडावं, आमच्याकडे चटण्या कुटाव्यात. पोटावर पाय नाही देणार मी."

"पायांचंच बोलायला आलेय," प्रियदर्शनी म्हणाली. "शपथपत्रात लिहिलंय, पावलं मातोश्रींनी उमटवली. छान. कांताबाई, नमस्कार. जरा एक पाऊल उमटवून दाखवता? तुमचाच हात म्हणतात."

माळ थांबली. "माझा? कसली पावलं?"

"आई, तू राहू दे, ते कायद्याचं आहे," इंद्रजीत घाईनं म्हणाला.

"कायद्याचं हाय तर माझं नाव कशापाई? बाई, माझी बोटं आखडल्यात, धा-बारा वर्सं झाली. मूठ मिटत न्हाई." त्यांनी हात वर केला. बोटं वाकडी, अर्धवट उघडी. "गौरीची पावलं सूनबाई काढती आमच्यात."

कॉफीवर साय धरली.

प्रियदर्शनीनं वाटी काचेच्या काउंटरवर ठेवली. कौशल्येनं डोक्यावर पदर घेतला, मनात काहीतरी म्हटलं, उजवी मूठ पिठात बुडवली आणि काचेवर टेकवली. मग पाच ठिपके. शेजारी पुन्हा तीच मूठ, पुन्हा पाच ठिपके. दोन्ही टाचांत तिरपी कोरी रेघ. प्रियदर्शनीनं इंद्रजीतच्या अर्जातलं चित्र त्याशेजारी ठेवलं.

"दोन वर्षांपूर्वी विळीवर कापलेल्या हाताचा ठसा तुमच्याकडे दहा वर्षं आहे," ती म्हणाली. "आमच्या कौशल्याताई जखमेच्या आधीच व्रण घेऊन हिंडत होत्या, असं तुमचं म्हणणं आहे का? डॉक्टरांना बोलवू या, टाके त्यांनीच घातलेत. दोन्ही पाय उजवे का, तेही सांगते. त्या दिवशी डावा हात प्लास्टरमध्ये होता. तो एकच कागद होता, आणि तो ज्यांच्याकडे गेला ते इथे बसलेत. नदीत सोडला म्हणाले होते."

"कुठला कागद? मी कधी..." दत्तप्रसादांचं कल्याण ओठांवरून घसरलं.

"एकाच मुठीचे दोन ठसे म्हणालात तुम्ही मला. बरणीवर दाखवा बरं एकच मूठ."

दत्तप्रसादांनी बरणी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. एका चोराला दुसऱ्याची लाज वाटावी इतकं केविलवाणं दृश्य होतं ते. इंद्रजीतला लाज वाटली नाही. त्यानं आपलं कातडं वाचवलं.

"यानंच आणून दिला!" तो ओरडला. "म्हणाला, बाईनं टाकून दिलाय, कुणी विचारणार नाही! जुन्या पाटीचा फोटोसुद्धा यानंच करून आणला!"

"शेठ! आणि आईंचं नाव घाला, म्हणजे कुणी उलटतपासणी घेणार नाही, हे कुणी सुचवलं?"

"तू!"

"तुम्ही!"

प्रियदर्शनी खुर्चीत रेलून ऐकत होती. बाहेर मुलाखती घेऊन जे मिळालं नसतं, ते हे दोघे एकमेकांच्या अंगावर फेकत होते. आणि तेही विनामूल्य.

पण निकाल तिनं दिला नाही. कांताबाई गादीवरून हळूहळू उतरल्या. काउंटरवरची पावलं त्यांनी बघितली, मग उंबऱ्याबाहेर जाऊन वर पाटीकडे. बराच वेळ. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता.

"इंद्रजीत, ह्या बाईच्या बरणीवर पावलं कशी हायेत?"

"आई, आता ते काय..."

"बोटं खाली. आपल्याकडं येती देवी. घरात येती. आणि तू पाटीवर बोटं वर करून टांगलीस. दाराच्या वर. ही बाहेर निघालीय रं. माझ्या नावानं खोटी शपथ घेऊन तू लक्षुमीला घराबाहेर काढलीस, आनि तीबी दोन उजव्या पायांनी, लंगडत!"

कौशल्येनं मान खाली घातली. पहिल्या दिवशी वकिलाच्या टेबलावर तिनं कागद का फिरवला होता, ते आता प्रियदर्शनीला कळलं.

"ते उलटं वाटलं म्हणून मीच सरळ केलं..." दत्तप्रसाद पुटपुटले.

"शिडी आण," कांताबाई मुलाला म्हणाल्या. "आत्ता. गिऱ्हाईक बघतंय तर बघू दे."

८

अर्ज मागे घेतल्याच्या पत्रावर इंद्रजीतनं पाटी उतरायच्या आधीच सही केली. शपथपत्राचं काय करायचं, ते प्रियदर्शनीनं स्वतःच्या हातात ठेवलं. दत्तप्रसादांनी कपाटातून तो मूळ कागद आणून दिला तेव्हा त्यांच्या मनगटातले तीन दोरे घामानं भिजले होते.

"याचं विसर्जन..." कौशल्या म्हणाली.

"एवढ्यात नाही. पुरावा आहे."

"मग निदान त्याच्यावर दुसरं काही ठेवू नका, जी. पावलं आहेत."

प्रियदर्शनीला देव नव्हता आणि भाविकांविषयी फारसा आदरही नव्हता. तरी तिनं कपाटातला वरचा खण रिकामा केला, कागद तिथे ठेवला आणि त्या खणात पुन्हा काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवा अर्ज घेऊन वारज्याला गेली. चित्र ताजं हवं होतं. दारात कुणाचे तरी सँडल काढलेले होते. आत शर्मिला भिंतीला टेकून उभी होती, ओळखपत्र अजून गळ्यात. कौशल्या जमिनीवर पाट मांडून पीठ कालवत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"अर्जदार म्हणून नाव कुणाचं लिहू?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"दोघींचं," कौशल्या म्हणाली.

"हो का?" शर्मिला भिंतीशी बोलली. "परवापर्यंत तर मी फितूर होते. चहासुद्धा बाटत होता माझ्या हातचा."

"होतीस," कौशल्या म्हणाली. तिनं आपली उजवी मूठ कागदावर टेकवली, पाच ठिपके दिले आणि वाटी डावीकडे सरकवली. "दुपारचा चहा तू कर. आधी हात दे."